जी उपटून जात नाही, ती पेरून का उगवत नाही? पुण्यात बियाण्यापासून लॉन करताना

"अगं, पैसे देऊन हरळी आणलीस?"

अण्णांनी पुडा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, मागचं बारीक अक्षर डोळ्यांजवळ नेऊन वाचलं आणि पुन्हा विचारलं, "खरंच हरळी आहे?"

खरंच हरळी होती. पुड्याच्या पुढच्या बाजूला चकचकीत हिरवं मैदान, वर मोठ्या अक्षरात 'बर्म्युडा ग्रास' आणि मागे कोपऱ्यात शास्त्रीय नाव, सायनोडॉन डॅक्टिलॉन. सासवडकडच्या शेतात अण्णांनी उभा जन्म जिच्याशी भांडण्यात घालवला, ती हीच. ऐन उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, वर आलेल्या मुळ्या तापू द्यायच्या, वेचून बांधावर टाकायच्या. पहिला पाऊस पडला की बाई पुन्हा हजर. गणपतीला वाहतो त्या दूर्वाही हीच. एकच गवत देवघरात पूज्य, शेतात वैरी आणि बावधनच्या रो-हाउसपुढे विकतचं.

माझं ते अर्धा किलो बी त्या वर्षी जवळजवळ सगळं वाया गेलं. अण्णा हसले नाहीत, पण त्यांनी एक प्रश्न विचारला आणि तो माझ्या डोक्यातून जाईना. जी उपटून जात नाही, ती पेरून उगवत का नाही?

त्याचं उत्तर समजलं की लॉनचं बहुतेक सगळं समजतं.

शेतातली हरळी बियाण्यातून येतच नाही म्हटलं तरी चालेल. ती येते जमिनीतल्या आडव्या खोडांतून आणि वरून धावणाऱ्या वेलांतून. त्या खोडाला पेरं असतात आणि प्रत्येक पेरावर एक डोळा. खोडात साखर-पिठूळ पदार्थांचा साठा भरलेला असतो. कुदळीने तुम्ही तिचे दहा तुकडे केलेत तर दहा रोपांची सोय करून दिलीत. दूर्वा वाहताना म्हणतात त्या मंत्रात तिचं वर्णन 'कांडाकांडातून, पेरापेरातून उगवणारी' असं आहे. ज्याने केलं त्याने ती नीट निरखली होती.

बियाण्याची गोष्ट उलटी. हरळीचं बी इतकं लहान की एका ग्रॅममध्ये साधारण ४,००० दाणे बसतात. गव्हाचे एका ग्रॅमला पंचवीसच. म्हणजे गव्हाच्या दाण्याच्या शिदोरीत जेवढं अन्न असतं, त्याच्या दीडशेवा हिस्साही हरळीच्या बियाला मिळालेला नसतो. त्या शिदोरीवर त्याने मूळ खाली सोडायचं, कोंब वर काढायचा आणि पहिलं पान उन्हाला लावायचं. मग पुढचं अन्न ते पान तयार करणार. दरम्यान अर्धा दिवस जरी कोरडा गेला तरी खेळ खलास. चिवट हरळीच्या आयुष्यातले हे दोन आठवडे एवढेच काय ते नाजूक, आणि आपण नेमके तेच पत्करलेले असतात.

घटाचं धान

या दोन आठवड्यांत काय घडतं ते आपल्यापैकी अनेकांनी लहानपणापासून पाहिलेलं आहे, फक्त त्या नजरेने पाहिलेलं नाही. नवरात्रात घट बसतो. पत्रावळीवर काळी माती, तिच्यात धान पेरलेलं, मध्ये पाण्याने भरलेला मातीचा घट. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढरे कोंब डोकावतात आणि दसऱ्याला ते धान वीतभर होतं.

तो घट मातीचाच का, हे एकदा बघा. बिनझिलईचं मातीचं मडकं पाझरतं. बाजूची माती त्यामुळे चिखल न होता सतत ओली राहते, रात्री अडीच वाजतासुद्धा. बियाण्याला हवं असतं ते नेमकं हेच. कोरडं बी पहिल्यांदा नुसतं पाणी शोषून फुगतं. इथपर्यंत ते परत सुकलं तरी फारसं बिघडत नाही. पण पाणी आत पोचलं की आतला जीव जागा होतो, साठवलेल्या पिठाची साखर करणारे पाचक रस सुटतात आणि मूळ बाहेर पडतं. इथून माघार नाही. मोड आलेली मटकी उन्हात वाळवून पुन्हा पेरून बघा, काय होतं ते कळेल. लॉनचं बी 'खराब निघालं' अशी जी तक्रार असते तिच्यातली बरीच प्रकरणं इथली असतात. बी उगवलेलं असतं, फक्त आपल्याला दिसण्याआधी मेलेलं असतं.

घट आणखी एक गोष्ट शिकवतो. देवघराच्या कोपऱ्यातलं ते धान उंच होतं खरं, पण पिवळट आणि लुळं. उजेड शोधत ते नुसतं लांबत जातं. हरळीला रोज निदान सहा तास सरळ ऊन लागतं. दोन इमारतींच्या बोळात किंवा आंब्याखाली ती दाट होणार नाही, कितीही पाणी घाला, कितीही खत घाला. अशा जागी लॉनचा नाद सोडा आणि सावली सोसणारी पानांची झाडं लावा. मी हे फार प्रेमाने सांगते, कारण आमच्या मागच्या अंगणात तीन वेळा डोकं आपटून झालंय.

ज्वारीच्या भाऊबंदातलं की गव्हाच्या?

दुकानात किंवा ऑनलाइन गेलं की नावांचा गोंधळ उडतो. त्यातून वाट काढायला एक सोपी खूण आहे. गवतांचे दोन मोठे गट पाडता येतात. ज्वारी, बाजरी, मका, ऊस ही एका बाजूला आणि गहू, सातू दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटाकडे हवेतला कार्बन डायऑक्साइड पानात आधी एकवटून मग वापरण्याची एक जादा यंत्रणा असते. त्यामुळे कडक उन्हात, कमी पाण्यातही त्यांचं काम मंदावत नाही. दुसऱ्या गटाकडे ती नाही, त्यांना थंडी मानवते. गहू आपण रब्बीत का पेरतो आणि मेमध्ये का नाही, तेच हे.

हरळी ज्वारीच्या बाजूची. राय ग्रास, फेस्क्यू, केंटकी ब्लू ग्रास ही नावं गव्हाच्या बाजूची, थंड मुलखातली. गंमत अशी की राय ग्रास पाच-सात दिवसांत भसाभस उगवतं. मिश्रणाच्या पाकिटात ते असलं की आठवड्याभरात अंगण हिरवं होतं, फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात आणि एप्रिलमध्ये पारा ३८-३९ ला टेकला की सगळं भाताच्या पेंढ्यासारखं होतं. दोष गवताचा नाही, बोलावणाऱ्याचा.

मग नर्सरीतलं ते मऊ मऊ मेक्सिकन, कोरियन, 'सिलेक्शन वन'? ती कार्पेटच्या, म्हणजे मातीसकट कापलेल्या तयार गवताच्या तुकड्यांनी किंवा काड्या टोचूनच लावतात. गोल्फच्या मैदानांवरची संकरित बर्म्युडा तर बी धरतच नाही. दोन वेगळ्या जातींच्या संकरातून तिच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच आलेले असतात आणि तीनाची दोन सारख्या वाट्यांत वाटणी होत नाही. बिनबियांच्या कलिंगडाचं जे गणित, तेच. म्हणून अशा कुठल्या तरी नावाखाली बी विकायला आलं तर पाकीट उलटं करून शास्त्रीय नाव शोधा. नाव नसेल तर पाकीट जागेवर ठेवा. चाचणीची तारीख आणि उगवणीचा टक्का हेही बघायचं. टरफल काढलेलं बी आठवड्या-दीड आठवड्यात उगवतं, टरफलासकटचं दोन-तीन आठवडे घेतं. रंगीत लेप दिलेलं असेल तर पाकिटाच्या वजनात लेपाचंही वजन असतं, हे हिशेबात धरा.

घरी आणल्यावर शंभर दाणे मोजायचे. कंटाळवाणं काम आहे, टूथपिकचं टोक ओलं करून एकेक उचलावा लागतो. ओल्या टिश्यूवर पसरून डब्यात झाकून स्वयंपाकघरात ऊबेला ठेवायचे. बारा दिवसांत ऐंशी फुटले तर उत्तम. पन्नासच फुटले तर बी दीडपटीहून जास्त लागेल. पाचदहा फुटले तर दुकानदाराशी बोलायला तुमच्या हातात डबा आहे.

कधी

पुण्यात कुणालाही विचारा, उत्तर येतं: पावसाळ्यात. कार्पेट लावायला ते ठीकच आहे. बियाण्याला मात्र नाही, आणि हे मी स्वतःच्या पैशांनी शिकले.

माझं पहिलं बी मी जूनच्या सुरुवातीला टाकलं. जमीन तापलेली होती, ढग आलेले होते, वाटलं आता पाणी घालायचीसुद्धा कटकट नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वळीव कोसळला. चाळीसेक मिनिटं. अंगणाला कुंपणाच्या भिंतीकडे उतार होता हे मला माहीत होतं, पण किती होता ते त्या दिवशी कळलं. दोन आठवड्यांनी भिंतीच्या कडेने, जाळीच्या तोंडापर्यंत, वीतभर रुंद अशी हिरवीगार लकेर उगवली. काठ आखून पेरल्यासारखी. बाकी सगळीकडे टक्कल. त्या टकलावर जुलैत गाजरगवत आलं. आपल्या देशात या तणाचा बोभाटा १९५०च्या दशकात सुरू झाला तो पुण्यातूनच, त्यामुळे त्याला इथे घरच्यासारखं वाटत असावं.

बाकीची कारणंही समजून घ्या. पाव मिलिग्रॅमच्या बियाला पावसाचा टपोरा थेंब म्हणजे तोफगोळा. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही आणि हरळी उन्हावर जगणारी. शिवाय त्याच दिवसांत मातीतलं प्रत्येक तण उगवायला टपलेलं.

माझ्या मते पुण्यात बियाण्याला खरा मुहूर्त घटस्थापनेचा. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा मध्य. पावसाचा जोर ओसरलेला, जमीन अजून ऊबदार, दिवसाचं तापमान ३०-३२ आणि रात्रीचं विशीच्या आसपास. दिवसा गरम आणि रात्री जरा गार असा चढउतार या बियाला मानवतोही. खडकवासला, पानशेत, वरसगाव बहुधा भरलेली, त्यामुळे पाणीकपातीची भीती नाही. घट बसले की पेरा, दिवाळीत दारात पणत्या लावताना अंगणावर हिरवी लव दिसेल आणि डिसेंबरची थंडी येईपर्यंत मुळं धरलेली असतील. धोका एकच, परतीच्या पावसाचा. त्यासाठी आच्छादन आहे, त्याचं पुढे सांगते. दिवाळी होऊन गेल्यावर मात्र पेरू नका. नोव्हेंबरात रात्रीचा पारा पंधराकडे उतरला की उगवण रेंगाळते.

दुसरी संधी होळीच्या सुमाराची. थंडी सरलेली असते, ऊन भरपूर, तण कमी. उगवण तेव्हा झकास होते. प्रश्न पाण्याचा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. ५०० चौरस फूट म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरलं तरी रोज २३० लिटर, महिन्याला सात हजार. सोसायटीत सांडपाणी शुद्धीकरणाचं पाणी बागेला मिळत असेल तर बिनधास्त करा. टँकर मागवून लॉन जगवणार असाल तर मी तरी गप्प बसणार नाही. एप्रिलमध्ये शेजारची माणसं बादल्या मोजत असताना गवतावर फवारे उडवणं डोळ्यांना खुपतं. ऑक्टोबर बरा तो यासाठीही.

माती

इथे घाई केली की पुढची दोन वर्षं फेडावी लागते.

नवीन बांधकामापुढची जागा वरून सपाट आणि तांबूस दिसते. चार इंच खणा. विटांचे तुकडे, सिमेंटचे गट्ठे, टाइल्सच्या कपच्या, सळईचा एखादा तुकडा. राडारोडा भरून वर मुरूम पसरलेला असतो. मुरमात पाणी थांबत नाही आणि अन्न तर नसतंच. शहराच्या दुसऱ्या भागात उलटं दुखणं, काळी माती. ती सुकते तेव्हा भेगा पडतात, भिजते तेव्हा फुगते आणि पायाला किलो-किलोने चिकटते. या मातीचे कण पत्र्यांच्या चळतीसारखे असतात, पत्र्यांमध्ये पाणी शिरतं आणि चळत फुगते. बियाण्याच्या दृष्टीने तिची वाईट खोड वेगळीच आहे. झारीचं पाणी सुकलं की वर पापुद्रा धरतो, पापडासारखा. गव्हाचा कोंब तो फोडून येईल. केसाएवढा हरळीचा कोंब त्याच्याखाली दुमडून मरतो.

काळ्या मातीत वाळू मिसळा असा सल्ला सर्रास मिळतो. दोन-चार घमेली वाळू घातल्याने ती भुसभुशीत होत नाही, उलट विटेसारखी बसते. तिला सुधारतं ते चांगलं कुजलेलं खत. जुन्या जागेत सहा-आठ इंच खणून त्यात कंपोस्ट मिसळायचं. राडारोड्याच्या जागेत तो काढून वर चार इंच तरी पोयटा, म्हणजे गाळाची माती, आणि कंपोस्ट यांचं मिश्रण घालायचं. पाचशे चौरस फुटांना चार इंच म्हणजे सुमारे १६७ घनफूट, पावणेदोन ब्रास. माती ब्रासवर (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मिळते, म्हणून हा हिशेब आधी करा, नाहीतर ट्रक दारात उभा राहिल्यावर करावा लागतो.

माती घेताना एक ढेकूळ हातात घेऊन फोडा. आत काळ्या-तपकिरी, कडक, हरभऱ्याएवढ्या गाठी दिसल्या तर ती लव्हाळ्याची माती. नागरमोथाही म्हणतात त्याला. वरचं पातं उपटलं की तुटतं आणि गाठ खाली शाबूत राहते. मी नर्सरीतून आणलेल्या शेणखतात माझ्या नशिबाने या गाठी फुकट आल्या होत्या आणि त्यांचा वंश अजून नांदतोय.

मग जागेला उतार द्यायचा, घरापासून बाहेरच्या बाजूला, दर दहा फुटांना इंच-सव्वा इंच. त्याहून जास्त नको. भिंतीकडची हिरवी लकेर आठवा. लांब सरळ फळी फिरवून खळगे भरायचे, एकदा भरपूर पाणी सोडायचं, कुठे डबकं राहतं ते बघून पुन्हा भरायचं.

आणि आता थांबायचं. अण्णांनी मला हे शिकवलं आणि यासाठीच मी त्यांचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. जमीन तयार झाली की लगेच पेरायचं नाही. पाणी देऊन पंधरा दिवस तशीच ठेवायची. मातीत दडलेली तणं उगवतात. मग वाफसा आला की, म्हणजे मूठ दाबली तर लाडू होईल पण बोटाने टोचला की फुटेल इतपत ओल राहिली की, खुरप्याने वरच्या वर खरवडून ती काढायची. खोल खणायचं नाही, नाहीतर खालचं ताजं तणबी वर येतं. जमल्यास हे दोनदा करायचं. शेतात पेरणीआधी पाळी घालतात ती याचसाठी. हरळीच्या लॉनमध्ये नंतर तण काढणं किती अवघड असतं ते ज्याने काढलंय त्यालाच माहीत. तेही गवत, हेही गवत, आणि दोन्ही बोटभर.

पेरणी

पेरणीच्या आदल्या दिवशी दीडेक किलो सिंगल सुपर फॉस्फेट पाचशे चौरस फुटांवर पसरून दंताळ्याने वरच्या दोन इंचांत मिसळायचं. त्यातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मातीत फारसं हलत नाही, म्हणून जिथे मुळं येणार तिथे ते आधीच असलेलं बरं.

बी किती? चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम. म्हणजे पाचशे चौरस फुटांना पाव ते अर्धा किलो. दर चौरस सेंटिमीटरला दोन ते चार दाणे पडतात. पाकीट संपवायचं म्हणून दुप्पट ओतलं तर रोपं एकमेकांच्या उरावर बसतात, वारा लागत नाही आणि बुडाशी कुजून एका रात्रीत तळहाताएवढा गोल आडवा होतो.

एवढं बारीक बी सारखं कसं पडणार? रांगोळीने. बियाण्याच्या चौपट-पाचपट कोरडी चाळलेली वाळू घ्या आणि बी तिच्यात मिसळा. त्याचे दोन सारखे भाग करा. पहिला भाग पूर्व-पश्चिम चालत चिमटीतून सोडायचा, दुसरा दक्षिण-उत्तर. ज्यांचा हात रांगोळीत बसलेला आहे त्यांचं लॉन एकसारखं उगवतं, हे मी अंगणात पाहिलंय. आमच्या घरी हे काम माझ्या सासूबाईंनी केलं आणि माझ्या पट्ट्याशी त्यांच्या पट्ट्याची तुलना अजून होते. वारा सुटला असेल तर पेरणी दुसऱ्या दिवशी सकाळी.

मग बी पुरायचं नाही. दंताळं उलटं करून, पाठीने, हलकेच ओढायचं. वर चाळलेल्या कंपोस्टचा इतका पातळ थर की खालची माती अधूनमधून दिसत राहिली पाहिजे. तीन ते पाच मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. शिदोरी किती छोटी आहे ते लक्षात ठेवा. सेंटिमीटरभर खोल गेलं तर कोंब अर्ध्या वाटेत उपाशी मरतो. शेवटी फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं, फळी पुढे सरकवायची, पुन्हा उभं राहायचं. बी मातीला चिकटलं तरच मातीतली ओल त्याच्यापर्यंत पोचते.

वरून आच्छादन. मुळशी-मावळाकडून येणारा भाताचा पेंढा विरळ पसरा, किंवा ओलं गोणपाट. पेंढ्यात चुकार भात राहिलेलं असतं, त्याची पाच-दहा रोपं येतील, ती उपटा. आच्छादनाने थेंबांचा मार चुकतो, ओल टिकते आणि चिमण्या-कबुतरांना जरा लांब ठेवता येतं. मुंग्यांना नाही. मुंग्या एकेक दाणा उचलून रांगेने वारुळात नेतात, बघत बसावं असं दृश्य असतं. कडेने हळदीची रेघ ओढून बघितली. त्या हळदीच्या पलीकडून गेल्या. त्यावर माझा इलाज एवढाच, माती सतत ओली ठेवायची. ओल्या मातीत त्यांची वर्दळ कमी होते.

चौदा दिवस

या दिवसांत घरचं कुणीतरी घरी हवं. मोटार लावून पाइप धरणं बंद, बारीक भोकांची झारी किंवा धुक्यासारखा फवारा. एका वेळी मिलिमीटरभर पाणी, म्हणजे पाचशे चौरस फुटांना तीन बादल्या. सकाळी, अकराच्या सुमारास, दुपारी तीनला, आणि ऊन फार असेल तर पाचच्या आत आणखी एकदा. रात्री नको, रात्रभर ओली राहिलेली रोपं कुजतात. वरचा अर्धा सेंटिमीटर ओला एवढंच ध्येय. बोट टेकवून बघायचं, बोटाला माती चिकटली की ठीक. ज्या घरातली दोन्ही माणसं सकाळी नऊला हिंजवडीला निघतात त्यांनी टायमरवरचे फवारे बसवावेत किंवा सरळ कार्पेट घ्यावं. यात कमीपणा काही नाही.

पहिले चार दिवस काहीच दिसत नाही. पाचव्या-सातव्या दिवशी सकाळी जमिनीलगत डोळा नेऊन तिरप्या उन्हात पाहिलं तर हिरवी धूसर लव दिसते, उभं राहिलं की गायब होते. त्या दिवशी गोणपाट काढायचं, संध्याकाळी काढा म्हणजे रोपांना एकदम ऊन लागत नाही. पेंढा विरळ असेल तर राहू द्या, कुजून जाईल. दोन आठवड्यांनंतर पाणी देण्याच्या वेळा कमी करत जायच्या आणि प्रत्येक वेळचं पाणी वाढवत जायचं. आता मुळांना खाली जायला लावायचंय. वरच पाणी मिळत राहिलं तर ती खाली का जातील?

तिसऱ्या आठवड्यात सगळ्यांचा धीर सुटतो. रोपं विरळ, मधे मधे माती उघडी, नवरा म्हणतो बी कमी पडलं. पडलेलं नसतं. पाचव्या आठवड्याच्या आसपास रोपं आडव्या काड्या सोडायला लागतात आणि तिथून ती अण्णांची हरळी होते. पेर टेकलं की मूळ, मूळ धरलं की पुढचं पेर. आठ-दहा आठवड्यांत ती भोकं स्वतःच बुजवते. चौथ्या आठवड्यात पाव किलो युरिया, पानं कोरडी असताना पाचशे चौरस फुटांवर सारखा टाकून लगेच भरपूर पाणी द्यायचं. पानावर राहिलेला दाणा पान जाळतो.

पहिली कापणी पातं दोन-सव्वादोन इंच झालं की. एका वेळी उंचीचा तिसरा हिस्साच कापायचा. गवत कापलं तरी मरत नाही कारण त्याचा वाढीचा कोंब टोकाला नसून जमिनीलगत असतो, गाईने खाल्लेलं कुरण पुन्हा वाढतं ते त्यामुळेच. उलट शेंडा गेला की ते आडवं पसरतं. पण यंत्राचं पातं बोथट असेल तर कोवळी रोपं कापली न जाता उपटली जातात. पहिल्या दोन वेळा मी कात्रीने कापलं, गुडघ्यांवर बसून. मुलांना क्रिकेटसाठी दोन महिने दुसरं मैदान शोधायला सांगा.

डिसेंबर-जानेवारीत ते थोडं तपकिरी पडेल. पाणी आणि खत वाढवू नका, ते झोपलेलं असतं. फेब्रुवारी संपता संपता जागं होतं.

एक गोष्ट मी केली नाही आणि तुम्ही करा. लॉन आणि फुलांचे वाफे यांच्यामध्ये सहा इंच खोल विटांची किंवा पत्र्याची कड घाला, पेरणीच्या आधी. मार्चमध्ये अण्णा आले, लॉनवर एक फेरी मारली, काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने चहा घेऊन बाहेर गेले तर ते गुलाबाच्या वाफ्यापाशी उकिडवे बसले होते, हातात खुरपं, शेजारी हरळीच्या पांढऱ्या मुळ्यांचा ढीग.

"या कुठे टाकायच्या?" त्यांनी विचारलं. "आणि बांधावर म्हणू नकोस, तुझ्याकडे बांध नाही."